सालोमीच्या यंत्राचे सुटे भाग

"यंत्र लबाडी करत नाही, त्यात बसवलेला तुकडा करतो," असं सालोमी एकदा म्हणाली होती. तेव्हा भुईगावातली तिची पिठाची गिरणी चालू होती, नवरा जिवंत होता, आणि अस्सल म्हणून घेतलेला नकली पट्टा ऐन नाताळच्या आठवड्यात तुटला होता. पुढे नवरा गेला, गिरणी बंद पडली. गिरणीच्या घरघरीत तिचे दोन्ही कान गेले.

गिरणीवालीकडे सगळं गाव संशयाने बघतं. दळण टाकलं की बायका डबा धरून तिथेच उभ्या राहत. पीठ वाटेत कुठे मुरतं का, यावर त्यांची नजर असे, आणि सालोमीची नजर त्यांच्यावर. त्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून ती ओठ वाचायला शिकली. जाड दळ, बारीक दळ, नाचणीवर तांदूळ टाकू नको. हिला कुठे ऐकू येतंय, अशा समजुतीने तिच्या तोंडासमोर बोललेलंही तिने वाचलं. माणसांविषयी तिचं जे मत झालं ते तिथे, पिठाने पांढऱ्या झालेल्या पापण्यांमधून झालं.

त्यांच्या आळीत ऑक्टोबरभर मारियेची मूर्ती रोज संध्याकाळी एका नव्या घरी जाते आणि त्या घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने सांगायचा, दुसरा जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचा, की पुन्हा पहिला. सांगण्याचं काम कितीतरी वर्षं सालोमीकडे होतं. "हे गेलं की मी या आळीत नुसती जेवायला उरले," असं ती सुनेला सांगे. सून मर्लिन शाळेत शिक्षिका होती. ती वह्या तपासता तपासता मान हलवे.

आखातातल्या मुलाने श्रवणयंत्र घेऊन दिलं होतं. कानामागे बसणारी डबी, तिच्यातून कानात जाणारी बारीक तार, तारेच्या टोकाला मळ अडवणारी इवलीशी जाळी आणि जाळीवर रबराची टोपी. त्या यंत्रातून सालोमीला कुकरची शिट्टी ऐकू येई, बंद दाराआडून मर्लिनचं फोनवरचं बोलणं ऐकू येई. फक्त रोझरीत काहीतरी बिघडे. तिचा अर्धा भाग संपला की समोरचे ओठ हलू लागत, पण शब्द येत नसत. शेवटचं 'आमेन' तेवढं स्पष्ट येई. मधलं सगळं कुणीतरी खात होतं.

कोण खातंय, याचा तिने दोन वर्षं शोध घेतला. आधी बॅटऱ्यांवर संशय होता. मग जाळीवर. ती मर्लिन बदलत असे, म्हणून मग मर्लिनच्या बोटांवर. मग मर्लिनने ऑनलाइन मागवलेल्या टोप्यांच्या पाकिटावर. या ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात दोनदा तिने दुसऱ्यांचं संपायच्या आत आपलं सुरू केलं, निदान त्यांच्या चेहऱ्यांवरून तिला तसं वाटलं, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी ती मर्लिनला घेऊन पारनाक्याजवळच्या श्रवणयंत्रांच्या दुकानात गेली.

तिथे कान तपासणारी ऋतिका चंदनसारहून येई. तिने आधी बॅटरी बदलली.

"चिकटपट्टी काढून मिनिटभर तशीच ठेवायची, आजी. तिला हवा लागते, मग ती चालू होते."

"हवा लागते. म्हणजे तुम्ही हवा विकता."

"हवा फ्री आहे, आजी. आम्ही पॅकिंगचे घेतो."

"माझं गिऱ्हाईक पण हेच म्हणायचं. धान्य आमचं, तुम्ही नुसती धूळ उडवता."

ऋतिकाने पांढऱ्या रुमालावर टोप्या मांडल्या. एक भोकांची, एक बंद, एक दुहेरी घडीची. सालोमी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरत होती, तांदळात खडा बघावा तशी.

"तुमच्या यंत्रावर आहे ती दुसऱ्या कंपनीची आहे," ऋतिका म्हणाली. "सैल बसते. आवाज बाहेर गळतो, शिट्टी पण वाजत असेल."

सालोमीने मर्लिनकडे बघितलं. "सैल मुद्दाम मागवलीस?"

"मम्मी, फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात."

"फोटोत मलापण नीट ऐकू येतं."

ऋतिका हसू दाबत वाकली. तिने बंद टोपी बसवली, नवी जाळी घातली, डॉक्टरांसारखी नळी कानाला लावून यंत्र स्वतः ऐकून बघितलं. सगळं ठीक होतं. सालोमीने मान हलवली.

"इथे ठीकच असणार. ते बिघडतं प्रार्थनेत."

"मग या वर्षी राहू दे ना, मम्मी," मर्लिन घाईने म्हणाली. "आळीतली प्रिन्सी सांगेल रोझरी. तुम्ही आरामात बसा."

लबाडी करणारा तुकडा सापडल्यासारखी सालोमी सुनेकडे बघत राहिली.

ऋतिकाने मर्लिनच्या हातात एक कोरा कागद दिला. "ताई, हा तोंडापुढे धरा आणि ती प्रार्थनाच म्हणा. आजींना ओठ दिसायला नकोत."

"दुसरं काही म्हणू का?"

"प्रार्थनाच म्हण," सालोमी म्हणाली.

कागदाआडून मर्लिनने दुसरा अर्धा भाग म्हटला, हळू, जवळजवळ पुटपुटत. 'पवित्र मारिये'पासून प्रत्येक शब्द सालोमीच्या कानात येऊन पडला. अगदी जवळून, ओल्या खड्यांसारखा.

"बघा," ऋतिका म्हणाली. "गर्दीत थोडं कमी येतं, पण इतकं नाही. तिथे माणसं किती असतात?"

"घर भरतं."

"सगळे एकदम म्हणतात ना? मग तर जास्तच यायला पाहिजे."

मर्लिन तो कागद घडी घालत होती. अर्धा, मग पाव, मग त्याचाही अर्धा, घडी बसेनाशी होईपर्यंत. सालोमी ते बघत होती.

त्या संध्याकाळी रोझरी आळीतल्याच प्लासिडच्या घरी होती. ओटीवर सतरंज्या घातल्या होत्या. स्टुलावर मूर्ती, मूर्तीसमोर मेणबत्त्या आणि मोगऱ्याचे गजरे.

"मावशीने नवी टोपी घातली म्हणे," प्लासिड म्हणाला. "आता आपलं काही खरं नाही."

"तुझं खरं कधी होतं?" सालोमी म्हणाली. सगळे हसले. हसणं तिला व्यवस्थित ऐकू आलं. प्रत्येकाचं वेगळं.

तिने क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली. सवयीने नजर समोरच्या ओठांवर होती. ते हलले, थांबले, आमेन आलं. तिने पुढचा मणी ओढला. आपला अर्धा भाग म्हटला आणि या वेळी डोळे मिटले.

पंखा फिरत होता. गल्लीतून स्कूटर गेली. कुणाच्या तरी बांगड्या सरकल्या, एका मुलाने नाक ओढलं. मग आमेन आलं, ठणठणीत, घरभर.

ती पुढचं म्हणाली, डोळे मिटूनच. पुन्हा पंखा. मेणबत्तीची वात चरचरली तेसुद्धा तिला ऐकू आलं. आमेन.

शब्द कुणी खात नव्हतं. कुणी म्हणतच नव्हतं. ती ओठ वाचून पुढे जाते हे आळीला ठाऊक होतं. ती पुरती बहिरी असताना कधीतरी कुणीतरी नुसते ओठ हलवले असतील, घाईत असेल किंवा थकलेला असेल, आणि म्हातारी पुढे गेली असेल. रोझरी लवकर आटोपली असेल. यंत्र आल्यावरही ते चालू राहिलं, कारण ती दोष यंत्राला देत होती. मग ते लहान मुलांनाही येऊ लागलं. म्हातारीचं काम तिच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. तिच्याबरोबर कुणी प्रार्थना करत नव्हतं, इतकंच.

तिने तिसऱ्यांदा आपला अर्धा भाग म्हटला आणि डोळे उघडले. ओठ हलत होते. प्लासिडचे, प्रिन्सीचे, दाराशी टेकलेल्या माणसांचे. मर्लिनचे सगळ्यांत नीट हलत होते, शब्द न् शब्द वाचता यावा असे. सालोमीने शेवटपर्यंत वाचलं.

आमेन झालं. ओटी तिच्याकडे बघत थांबली.

"मावशी?" प्लासिड म्हणाला.

सालोमी गुडघ्यावर हात टेकून उठली. सतरंजीच्या कडेने, लोकांच्या पायांतून वाट काढत दारापर्यंत गेली. माणसं आपोआप बाजूला झाली. तिने चपला शोधून पायात घातल्या आणि गल्लीत उतरली.