पुसून बघणाऱ्या सुंदराअक्का

यंत्र सुरू झालं म्हणून सुंदराअक्का कधी खूश होत नसत. ते बिघडवून बघेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईंनी कुंभकोणमच्या घरात, भाताच्या कोठीच्या खोलीत, जुने संगणक जमवून प्रयोगशाळा थाटली होती. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेला शेजारी. त्यांच्या तंजावरी मराठीला आधी हसलो आणि महिन्याभरात त्यांचा चेला झालो.

जवळच्याच दारासुरम गावातल्या एका विणकराची, बापाच्या काळापासूनची साड्यांची नक्षी एका मरणपंथाला लागलेल्या संगणकात अडकली होती. ती सांभाळायचं आम्ही कबूल केलं. अक्कांच्या चार खऱ्या डिस्कांच्या संगणकात मी आभासी साठवणयंत्र उभं केलं. त्याला चार आभासी डिस्क दिल्या. एक गेली तरी उरलेल्या तिन्हींतून सगळं परत मिळावं. म्हटलं, "अक्का, उद्याच नक्षी आणू."

"थांब तम्बी," अक्का मला धाकट्या भावासारखं तम्बी म्हणत. "अगोदर आपलें घालावें, मग लोकांचें."

त्यांनी काय घातलं, तर नवऱ्याचा आवाज. आमटीत चिंच फार झाली म्हणून अकरा मिनिटं कुरकुरणारे त्यांचे यजमान. ते वारल्यावर उरलेलं तेवढंच ध्वनिमुद्रण, आणि मोबाइलवरची मूळ प्रत त्यांनी माझ्यासमोर काढून टाकली. मी गयावया केली.

"प्रत असली मण्जे हात भीत नाही. न भिणारा हात नीट पाहत नाही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "चारी डिस्क वेगळ्या ठेवल्यास ना?"

"हो," मी सांगून मोकळा झालो.

अक्कांनी संगणकातली एक खरी डिस्क पुसली. चारही आभासी डिस्क यजमानांच्या आवाजासकट एकदम गेल्या. घाईत मी चारही तिच्यावरच बसवल्या होत्या, बाकीच्या खऱ्या डिस्क रिकाम्याच होत्या.

अक्कांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "विणकराचें गेलें नाही. पुन्हा मांड. या खेपेस मी पाहतें."

पुन्हा मांडलं, चार डिस्क चार ठिकाणी. आणि या बाईंनी त्यात काय घालावं? लग्नाचे फोटो, तेही प्रत न ठेवता. एवढी छाती मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. डिस्क पुसली. फोटो जसेच्या तसे परत आले.

आठवड्याने विणकराने आमच्या पडद्यावर बापाच्या हातची मोराची नक्षी पाहिली. तमिळमध्ये हसून म्हणाला, "एवढं सोपं होतं, अम्मा?"

"सोपंच होतं," अक्का त्याच्याच भाषेत म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी कॉफी करायला आत गेल्या.