जाणाऱ्याच्या हातावर दही

लंडनच्या हॅरोतले आमचे शेजारी डॉक्टर, घरातून कोणीही निघालं की त्याच्या हातावर चमचाभर दही घालत. ही सवय त्यांच्या पत्नीची; ती गेल्यावर त्यांनी चालू ठेवली. प्लंबरही त्यातून सुटला नव्हता. "दही दिलं की माणूस परत येतो," असं ते त्याला इंग्रजीत गंभीरपणे समजावत.

पत्नीची जुनी गाडी त्यांना हॉस्पिसला, शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेला, द्यायची होती. "अहो, तुम्ही अकाउंट्समधले. एप्रिलच्या आत दिली तर टॅक्समध्ये सूट मिळेल ना?" गाडी दिल्यावर इथे अशी सूट मिळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी दर शनिवारी भिंतीपलीकडून फोन यायचा, "जरा येऊन कागद बघता का?" मला वैताग यायचा. कागद एकच होता, गाडीच्या नोंदणीचं लॉगबुक. चहा मात्र दोनदा व्हायचा.

शेवटी मार्चमध्ये हॉस्पिसचा माणूस आला. डॉक्टरांनी सीटवरची तिची उशी काढून घेतली, किल्ली दिली आणि त्याच्याही हातावर दही घातलं. तो गोंधळला, पण चाटून "थँक यू, सर" म्हणाला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत डॉक्टर वाटी धरून उभे होते.

मग मी निघालो.

"आता काय विचारायला बोलावू तुम्हाला?" म्हणत त्यांनी माझ्या हातावर दोन चमचे दही घातलं.

मी "येतो" म्हणालो. त्याला दोन वर्षं झाली, मी गेलेलो नाही. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे.