लशीच्या चार खेपा

मूठ घट्ट वळून हात खांद्याएवढा वर करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. बोटीवर याचा अर्थ ‘थांब’. मला हे शिकवणारे आजोबा मांडवीचे. मालाच्या बोटींवर विंच, म्हणजे माल उचलायचं यंत्र, चालवण्यात त्यांचा जन्म गेला. माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि एकदा ती मूठ त्यांनी चक्क आमच्या डॉक्टरबाईंपुढे धरली होती.

मी लहान मुलांच्या दवाखान्यात नंबर लावायला असते. म्हणायला नंबर, खरं काम मुलं धरायचं. सुई बघून मूल उसळलं की डॉक्टरबाई ‘अहो, जरा’ एवढंच म्हणतात आणि मी उठते. एक हात खांद्यावर, एक कोपराच्या वर. मग मूल हलत नाही. तुम्हीही कधी अशा बाकावर बसला असाल तर माझ्यासारखी एखादी बाई पाहिली असेल. तुमच्या मुलाने तर नक्कीच पाहिली असेल.

आजोबांची नात साडेचार वर्षांची. मुलगा बोटीवर, सून बँकेत, त्यामुळे नातीचं न्हाणंखाणं, बालवाडी, दवाखाना सगळं आजोबांकडे. आदल्या पावसाळ्यात पोरीला फ्लू झाला आणि छातीत उतरला. सहा दिवस ती आमच्याच खाटेवर ऑक्सिजन लावून होती. सलाईनची सुई उपटून टाकायची, आम्ही पुन्हा लावायचो, आणि दर वेळी धरणारी मी. त्याला इलाज नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण बरी होऊन घरी गेल्यावर ती मला बाजारात पाहूनसुद्धा आजोबांच्या मागे लपायची. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, पुढच्या पावसाआधी लस सुरू झालीच पाहिजे. पहिल्यांदाच घ्यायची म्हणून महिन्याच्या अंतराने दोनदा.

एप्रिलात आजोबा तिला घेऊन आले. पोर उंबऱ्यावरच थबकली. सवयीने मी उठले, तर आजोबांची मूठ वर.

“ताई, बसा तुमी. कोणी धरायचं नाय.”

मग त्यांनी डॉक्टरबाईंना रीतसर समजावलं. नातीने मूठ दाखवली तर थांबायचं, बोट खाली करून गोल फिरवलं तर टोचायचं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर चौदा नंबर खोळंबले होते. तिने नाहीच सांगितलं तर काय, असं त्यांनी विचारलं.

“तर आमी घरी जाऊ. हात कोणाचा? तिचा. मंग हुकूम पण तिचाच.”

नातीने मूठ दाखवली. आजोबा ‘बरं’ म्हणाले आणि खरोखरच तिला घेऊन घरी गेले. मी दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडली.

पंधरा दिवसांनी पुन्हा आले. या वेळी पोर आत आली, आजोबांच्या मांडीवर बसली, कापसाने दंड पुसूनही घेतला. आणि मूठ वर. आजोबा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट, “आज बाही वर केलीन हां,” असं सगळ्या बाकाला ऐकवून निघाले.

मला राहवलं नाही. पायरीवर गाठून मी त्यांना चांगलं सुनावलं. खोकणारी मुलं रोज वाढताहेत, मी धरलं तर अर्ध्या मिनिटात काम होईल, नातीचे लाड तिच्याच जिवावर बेततील. आजोबा चप्पल घालत होते.

“मला काय भीती नाय वाटत?” ते म्हणाले. “ती नुसती खोकली तरी माझा जीव उडतो.”

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. बोटीवर ते नवे होते. खाली बोटीच्या पोटात एक गडी विंचच्या आकड्याला दोर अडकवत होता. नियम असा, की ज्याचा हात आकड्याजवळ, त्याच्या इशाऱ्याशिवाय विंच हलवायची नाही. त्याची मूठ वर होती. पण साहेब घाई कर म्हणून ओरडला, आणि यांनी विंच ओढली. त्या गड्याची तीन बोटं गेली.

“मूठ दिसत होती मला,” आजोबा म्हणाले. “तरी साहेबाचं ऐकलं. तुमी धरलंत तर लस जाईल आत, ताई. पण ही दर वर्षी घ्यायची. मी कुठवर पुरणार? तिचं तिला सांगता आलं पाहिजे.”

म्हातारी माणसं असंच बोलतात, असं मला तेव्हा वाटलं. गेल्या दिवाळीत आजोबा गेले.

तर त्या वर्षी, तिसऱ्या खेपेला मे अर्धा सरला होता. पोर आत यायच्या आधी डॉक्टरबाईंनी मला हळूच सांगितलं, की आता थांबण्यात अर्थ नाही. आज मूठ दाखवली तर धरा. मी टेबलाजवळ उभी राहिले. पोर मांडीवर बसली, दंड पुढे केला, आणि दुसऱ्या हाताची मूठ वर. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोरीनेही पाहिलं. आजोबा तर डोळेच मिटून बसले होते.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. नोकरीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी डॉक्टरबाईंचं ऐकलं नाही. पोर माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग मूठ उघडली, एक बोट खाली गेलं आणि हळूहळू गोल फिरलं.

सुई गेली. पोरीने असा सूर लावला की नाक्यावरचे रिक्षावाले डोकावून गेले. रडता रडता ती एकच घोकत होती, “मी सांगितलं. मीच सांगितलं.” डॉक्टरबाई हसत ‘हो, तूच’ म्हणत होत्या. आजोबांनी डोळे पुसायलाही हात नेला नाही. मला इतका आनंद झाला की दार उघडून मी अख्ख्या बाकाला ‘झालं’ म्हणून सांगितलं, आणि पावस गावाहून आलेल्या एका आजीने टाळ्याच वाजवल्या.

महिन्याने दुसरी लस. आजोबा बाहेरच्या बाकावर बसले आणि ‘मी आत येत नाय’ म्हणाले. पोर एकटी चालत आत आली. टेबलावर चढली, डावा दंड डॉक्टरबाईंसमोर केला आणि उजवा हात माझ्यापुढे.

“मावशी, हा तू धर.”

घामाने ओला झालेला एवढासा पंजा मी दोन्ही हातांत घेतला. इतक्या हलक्या हाताने मी कधीच कोणाला धरलं नव्हतं. तिने डॉक्टरबाईंकडे बघून ‘द्या’ म्हटलं आणि सुई टोचताच पुन्हा दवाखाना डोक्यावर घेतला. बाहेर एक नवी आई घाबरून विचारत होती, कोणाचं हो मूल एवढं रडतंय. अर्धवट उघड्या दारातून मला दिसलं, आजोबा बाकावरून ताठ उभे राहिले.

“आमची हाय,” ते म्हणाले. “स्वतः सांगून घेतलीन.”