समुद्रात चार टाचण्या

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. आमच्या कंपनीत तर जरा जास्तच, कारण आम्ही सगळे जिच्यावर जगतो ती गोष्ट आमच्यातल्या एकानंही पाहिलेली नाही. तेलाची विहीर!

कंपनी निघोजे गावाच्या पुढे. तेलाच्या आणि गॅसच्या विहिरींवर बसणारे व्हॉल्व्ह आम्ही बनवतो. खाली शॉप, म्हणजे कारखाना, वर ऑफिस. कुठल्या भागात विहीर खोदायचे किती मनोरे, म्हणजे रिग, उभे राहिले, कुठून हलले, याचा विभागवार रिव्ह्यू मी दर महिन्याला करते. त्यावरून पुढे किती व्हॉल्व्ह लागतील याचा अंदाज बांधतात. मी मूळची परभणीची, राहते मोशीत. रिग फक्त फोटोत पाहिलाय, तरी "या तिमाहीत राजस्थानात हालचाल मंदावली" असं बिनधास्त लिहिते!

* * *

एका रविवारी सकाळी आमचे घरमालक तात्या दार बडवायला लागले. तात्या मोशीतले जुने शेतकरी, आता तीन बिल्डिंगांचे मालक.

"ताई, चला लवकर! बोअरला ग्यास लागलाय!"

मी म्हटलं, "तात्या, आपल्याकडे खाली सगळा काळा कातळ. गॅस कुठून येणार?"

"मग ह्यो वास कशाचा हाय? तुमी त्यातल्याच ना? बघा तरी!"

गेले. अख्खी गल्ली जमलेली. तात्यांनी सकाळपासून कुणाला विडी पेटवू दिली नव्हती, सुनेला शेगडीसुद्धा नाही. वास खरंच भयंकर होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे मी वाकून, गंभीर चेहरा करून बघितलं आणि विचारलं, "शेजारच्या सोसायटीची सेप्टिक टाकी कुठे आहे?"

तात्यांनी भिंतीकडे बोट केलं. बोअरपासून जेमतेम दहा पावलं. मग त्यांचा चेहराच उतरला.

"म्हंजे... कालपातुर आमी ह्याच पान्याचा च्या प्यालो व्हय?"

* * *

खंडेनवमीला शॉपमध्ये मशीनची पूजा होते. एका वर्षी पोरांच्या अंगात एवढा उत्साह संचारला की त्यांनी पाठवायला तयार असलेल्या व्हॉल्व्हनाही हळद-कुंकू वाहिलं. माल परदेशी गेला.

पंधरा दिवसांनी ग्राहकाचा मेल. "व्हॉल्व्हच्या आत अज्ञात पिवळी व लाल पावडर आढळली आहे. माल थांबवला आहे. नमुने प्रयोगशाळेत पाठवले आहेत."

माझे वरिष्ठ साठे साहेब मेल वाचून तीन ग्लास पाणी प्यायले. आठवडा गेला. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला, पदार्थ खाण्यायोग्य आहे म्हणून! खाली ग्राहकाचा प्रश्न होता, "हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. याचा उपयोग काय?"

साठे साहेबांनी बराच विचार केला आणि टाइप केलं, "संरक्षणासाठी."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "ठीक आहे. पुढच्या वेळी पॅकिंग लिस्टमध्ये नोंद असावी."

* * *

आता कांबळे काका. थेरगावहून येतात, टेस्टिंगला आहेत. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरायचं, प्रेशर चढवायचं आणि गेजचा काटा हलत नाही ना ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. कागदावर अर्धा तास लिहिला असेल तर काकांचा अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एकोणतीस मिनिटं नाहीत. पास झाला की त्या व्हॉल्व्हच्या कागदावर त्यांची सही, आणि त्या सहीशिवाय गेटमधून काही बाहेर पडत नाही.

एकदा बाहेरचे ग्राहक शॉप बघायला आले. मोठे साहेब, म्हणजे आमचे डायरेक्टर, त्यांना फिरवत होते. खास रंगवून, पुसूनबिसून एक व्हॉल्व्ह दाखवायला ठेवला होता. साहेबांनी कौतुकानं त्यावर हात ठेवला आणि काका मागून म्हणाले, "साहेब, तो फेल आहे."

पाहुण्यांसमोर! माझ्या हातातली फाइलच पडली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "हा माणूस सही करत असेल तर बाकीचे आम्ही न बघता घेतो."

ऑर्डर मिळाली. आणि काकांना काय मिळालं? मेमो! पाहुण्यांसमोर बोलल्याबद्दल. दुसरा मेमो आला की सरळ घरी, असंही वर सांगितलं. रिटायरमेंटला चार महिने उरले होते हो! माझा संताप झाला. काकांनी मात्र मेमोची नीट घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली.

"घरी दाखवतो. मिसेसला वाटतं, मला कंपनीत कुणी विचारत नाही."

* * *

माझ्या टेबलामागे भिंतीवर मोठा नकाशा आहे. जिथे रिग, तिथे लाल टाचणी. महिनाअखेरीला टाचण्या मोजून मी रिव्ह्यू भरते. कॉम्प्युटर आहे, पण साठे साहेबांना भिंतच लागते.

त्या महिन्यात मी दोन दिवस रजेवर होते. परत आले, टाचण्या मोजल्या, रिव्ह्यू पाठवला. समुद्रात चार रिग वाढले होते. मला वाटलं, साठे साहेबांनी लावल्या असतील.

तिसऱ्या दिवशी ऑफिस झाडणाऱ्या मंदामावशी सहज म्हणाल्या, "ताई, त्यो नकाशा पुसताना चार टाचन्या खाली पडल्या व्हत्या बरं का. मी लावल्या परत."

मी नकाशाकडे वळले. "कुठे लावल्या मावशी?"

"जमिनीवर लई गर्दी व्हती. समुद्रात कुनीच न्हाई, रिकामं दिसत व्हतं. म्हनलं, तिकडं लावू."

मी तशीच साठे साहेबांकडे धावले. त्यांनी डोळे मिटले. "मेल गेला आहे, ताई. आता काही बोलू नका."

आणि मी बोलले नाही. हे सांगताना आजही लाज वाटते.

* * *

हेड ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या नावानं टाळ्या वाजल्या. समुद्रातली वाढ सगळ्यांच्या आधी आपण हेरली म्हणून! स्क्रीनवर माझा तक्ता, त्यावर हिरवा बाण. मोठे साहेब म्हणाले, "दुसरे पोहोचायच्या आत आपला माल तिथे पाहिजे." लगेच तीस व्हॉल्व्ह बनवायला घेतले. तीन शिफ्ट, ओव्हरटाइम, कॅन्टीनमध्ये जास्तीचा स्वयंपाक.

मंदामावशींच्या चार टाचण्यांसाठी!

* * *

तीस व्हॉल्व्ह टेस्टिंगला आले ते गुरुवारी संध्याकाळी. ट्रक शुक्रवारी दुपारी. काका म्हणाले, "चार दिवस लागतील." तासाभरात मोठे साहेब स्वतः खाली उतरले, हातात टाइप केलेला दुसरा मेमो.

"कांबळे, तीसच्या तीस कागदांवर सही करा. नाहीतर हा घ्या."

मी जिन्यात उभी होते. काकांची एकतीस वर्षांची नोकरी माझ्या रिव्ह्यूपायी चालली होती आणि मी कठडा धरून बघत होते.

काका म्हणाले, "करतो की सही. फक्त एक व्हॉल्व्ह लावतो. तुम्ही शेजारी उभे राहा, कागदावर लिहिलंय तेवढा वेळ."

शॉपमधल्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. टेस्टच्या वेळी पिवळ्या रेघेच्या आत कुणी थांबत नाही, काचेमागून बघतात. त्या प्रेशरला सुईएवढी धार निघाली तरी हातमोज्यासकट हात चिरते.

"सेफ आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच सही करा म्हणताय, साहेब."

सगळा शॉप बघत होता. साहेबांना मागे फिरता येईना. हेल्मेट चढवून ते रेघेच्या आत गेले. काकांनी पंप सुरू केला. काटा चढत गेला आणि थांबला. साहेबांच्या शर्टाची पाठ पाच मिनिटांत भिजली. अर्धा तास असतो केवढा, हे मला त्या दिवशी कळलं.

काटा हलला नाही. काकांनी प्रेशर उतरवलं. साहेब जवळजवळ उडी मारूनच बाहेर आले.

"बघितलंत? झालं ना? करा आता सही!"

काकांनी खिशातलं पेन काढलं, एका कागदावर सही केली आणि तो साहेबांच्या हातात दिला.

"हा मी तुम्ही खाली यायच्या आधीच पूर्ण तपासून ठेवला होता. न तपासलेल्याजवळ तुम्हाला कसं उभं करीन?"

मग ते उरलेल्या एकोणतीस व्हॉल्व्हकडे वळले.

"पुढचा लावू, साहेब?"