काशिनाथची गोळी मी बंद केली

"याला स्किझोफ्रेनिया आहे," जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याच माणसांचा संशय येतो. मी म्हणालो, "म्हणजे पोरगा गेलाच माझा." डॉक्टर म्हणाले, "बाबा, गेला कुठे? समोर बसलाय. गोळ्या द्या आणि कामाला लावा. रिकामा ठेवू नका."

तुमच्या घरी हा आजार असेल तर एवढं लक्षात ठेवा. आम्ही आधी अंगारे-धुपारे करणाऱ्या भगताच्या दारात फार दिवस घालवले होते.

गोळ्यांनी आवाज कमी झाले. मग मनीषाताई आली. अशा आजारातून उठलेल्यांना काम मिळवून देणं आणि ते टिकेपर्यंत सोबत राहणं, हे तिचं काम. पोशेऱ्याच्या चंदरचा मोगऱ्याचा मळा आहे. तिथे तिने काशिनाथला लावलं आणि त्याच्या शेजारी उभं राहून स्वतःही कळ्या खुडल्या.

मळ्यातल्या बाया चिडवायच्या, "काशा, खुडतोस का कळ्यांशी बोलतोस?"

"बोलतो ना. त्या तुमच्यासारख्या चुगल्या करत नाहीत."

चंदरने त्याला ठेवून घेतलं.

पण कळ्या उमलायच्या आत, पहाटेच खुडाव्या लागतात आणि रात्रीच्या गोळीने त्याला जाग येईना. ताई म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारते. तोवर गोळी सोडू नका." मला दम कुठला? काम जाईल म्हणून मी गोळीच बंद केली. पोरगा पहाटे टक्क जागा! मला वाटलं, डॉक्टरपेक्षा मीच शहाणा.

मग रिलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला. "फुलांत विष आहे," असं ओरडत त्याने मळ्यातल्या टोपल्या उधळल्या. पुन्हा दवाखाना, पुन्हा वॉर्डाबाहेरचा बाक.

सारा पाडा म्हणाला, "येड्याला कामाला लावलं म्हणून डोकं फिरलं." ताईला शिव्या बसल्या. खोडाळ्याच्या एका आईने तर हाच आजार असलेल्या आपल्या मुलीचं, ताईने मिळवून दिलेलं शिवणकाम बंद केलं. मी ऐकत राहिलो, गप्प. त्या गप्प बसण्याची मला चीड येते. आणि पाड्यातल्या लोकांनो, तुमचीही येते. दारू पिऊन बांधावर लोळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेता, तेव्हा कुणाला डोकं आठवत नाही!

काशिनाथला कामाने आजारी पाडलं नाही. मी पाडलं.

डॉक्टरांना खरं सांगितलं तेव्हा ते कडाडले, "गोळी संध्याकाळी लवकर देता आली असती. विचारायचं तरी!" एवढंच होतं ते.

काशिनाथ सावरल्यावर त्याला घेऊन मळ्यात गेलो आणि गोळी मीच बंद केली होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं. चंदर म्हणाला, "घेतो परत. पण गोळीचं कोण बघणार? तुम्ही?"

"मी बघीन," काशिनाथ म्हणाला. "बाबांच्या हातात नको."

बाया हसल्या. मला लागलं. पण आजार त्याचा, काम त्याचं, गोळीही त्याची, हे मला त्या दिवशी कळलं. गोळी सोडू नका, असं ताईने तर आधीच सांगितलं होतं, आणि शिव्याही तिनेच खाल्ल्या. तिचे उपकार मी विसरणार नाही.