पिठ्ठूतले नारळ

माझा राग लवकर जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आमचे हे फौजेतून रिटायर झाले, बर्फात राहिले, सीमेवर राहिले, पण माझा आवाज चढला की अजूनही गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसतात. तेव्हा या जानेवारीतला राग अजून कसा गेला नाही, असं मला विचारू नका. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

सुरुवात लेकीनं केली. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाठीला सॅक लावून निघते. जिथं कुणी जात नाही तिथं, आणि ज्या दिवसांत कुणी जात नाही त्या दिवसांत. "गर्दी नसते आई, आणि निम्म्या खर्चात होतं," म्हणते. मी तिला शिव्या देते आणि तिचे फोटो गल्लीभर दाखवते. संक्रांतीच्या आधी ती घरी आली होती, कुठल्यातरी ओसाड किल्ल्याचा फोटो दाखवत होती. माझी धाकटी जाऊ तिथंच बसून तीळ भाजत होती. भाजता भाजता, कढईवरची नजर न काढता ती म्हणाली, "आक्का, आपुन बी जाऊया."

मला वाटलं चेष्टा करतेय. "कुठं गं?"

"कुठं बी. हळदीकुंकवं संपस्तवर मला हितं राहायचं न्हाई."

तीळ करपले नाहीत. धाकटीच्या हातून कधी करपत नाहीत. करपल्यासारखं झालं ते मला.

माझ्या धाकट्या दिरांचं तिकडं लांब, परराज्यात, सोनं गाळायचं, गलाईचं दुकान होतं. विट्याकडची निम्मी माणसं त्याच धंद्यात असतात, त्यांच्याबरोबर तेही गेले. दीर वारले आणि धाकटी गावी परत आली. तेव्हापासून दर संक्रांतीला आमच्या घरचं हळदीकुंकू तीच करते. करते म्हणजे तीळ भाजते, गुळाचा पाक धरते, लाडू वळते, वाणाच्या वाट्या पुसून ओळीनं लावते आणि बायका यायला लागल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते. तिला कुणी जा म्हणत नाही. आम्ही फार सुधारलेले आहोत, आमच्यात असलं काही बोलत नाहीत. ती आपणहून उठते, आणि आम्ही सगळ्या नेमक्या त्याच वेळी दुसरीकडं बघत असतो.

बरं, गावात ठराव झालाय. विधवा प्रथा बंद. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलाय. त्या दिवशी धाकटीला मधोमध उभं करून हातात गुच्छ दिला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत मी तिच्या शेजारीच आहे, नव्या साडीत, पोट आत ओढून. पुढच्या संक्रांतीला तो फोटो सोप्यात टांगलेला होता आणि फोटोतली बाई आत पाक ढवळत होती.

म्हणून मी म्हटलं, चल. जिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाही तिथं जाऊ.

जागा लेकीनं काढली. म्हसवडच्या बाजूला, माणदेशात. तिथली यात्रा मार्गशीर्षात होऊन गेलेली, पौषात तिकडं कोण फिरकतंय? तलावाकाठी एक वस्ती आहे, थंडीत तलावावर परदेशी पक्षी उतरतात, आणि लेकीच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका म्हातारीकडं खोली मिळते. एस्टीला बायकांना अर्धं तिकीट. निघायचं किंक्रांतीला, कारण किंक्रांतीला शहाणं माणूस प्रवासाला निघत नाही आणि गाड्या रिकाम्या असतात. लेकीच्या भाषेत याला ऑफ सीझन म्हणतात.

ह्यांनी माळ्यावरून त्यांचा फौजेतला पिठ्ठू काढला, माझ्या पाठीला बांधला आणि अंगणात मला चालवून बघितलं. "आगं, वजन खांद्यावर न्हाई, कमरंवर घे."

"आवं, कमरंवर आधीच लय हाय," मी म्हटलं. धाकटी लेकीची कॉलेजातली सॅक लावून दारात उभी होती. ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचे दात बघितले.

विट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत गेलो. विट्याला गाडी बदलली आणि पुढं रान कोरडं होत गेलं, तशी धाकटीची मान सरळ होत गेली. खिडकीतनं बघत होती, बोटानं दाखवत होती. मायणीच्या अलीकडं एक बाई चढली आणि आमच्या पुढच्या बाकावर बसली. वळून गोड हसली. पर्समधून तिळगुळाची पुडी काढली, मग कुंकवाची डबी. "घ्या ताई, संक्रांत हाय." माझ्या कपाळाला लावलं. बोट पुन्हा डबीत बुडवलं, धाकटीकडं नेलं आणि वाटेत थांबवलं. गळा बघितला होता. मोकळा. ते भरलेलं बोट तिनं मागं घेतलं आणि खिडकीच्या गजाला पुसलं.

म्हसवडला उतरेपर्यंत तो गज माझ्या डोळ्यांसमोर होता. रागानं माझा घसा बसतो, मग उशिरा फुटतो.

वस्तीवर पोचलो तर म्हातारीचं घर आमच्यापेक्षा मोठं. फरशी, काचेचे दरवाजे, वर गच्ची. तिचे दोन्ही पोरगे गलाईच्या धंद्यात बाहेर. एवढ्या घरात ती एकटीच, पण संक्रांतीसाठी थोरली सून आली होती. म्हातारीनं पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाकडं आलायसा?"

"कुणाकडं न्हाई. फिराया आलोय."

"पोरगी बघाया?"

"न्हाई वो. नुसतंच."

"पौषात पोरगी कोण बघतंय म्हना," तिनं स्वतःच स्वतःची समजूत घातली. "मग द्येवाला आलायसा."

"तलाव बघाया आलोय. पक्षी."

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. सुनेनं माझ्या पिठ्ठूकडं. दोन बायका, देवाला नाही, पाव्हण्यांकडं नाही, दवाखान्याला नाही, कोर्टाच्या कामाला नाही, आणि एस्टीचं भाडं भरून पाणी बघायला आलेल्या. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती आम्हाला बघून गेली. पक्षी राहिले बाजूला.

ती म्हातारी वाईट असती तर बरं झालं असतं. तिनं आम्हाला गरम बाजरीची भाकरी घातली, आंघोळीला बंब पेटवला, आपली नवी वाकळ धाकटीच्या अंगावर घातली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरच्या बायका मला न्यायला आल्या. लांबची सवाशीण दारात आलेली, तिला संक्रांतीच्या दिवसांत मोकळी कशी पाठवायची? धाकटी म्हणाली, "जावा की. मी बसते हितं उन्हाला." मी गेले. एका घरी नारळ, एका घरी खण, एका घरी चहाची गाळणी, प्लॅस्टिकच्या डब्या, गहू, बोरं, गाजरं. एकीनं तर माझ्या ओटीत उसाची कांडी घातली. मी उसाच्या पट्ट्यातली बाई, घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस, आणि माणदेशातनं ऊस घेऊन निघाले! परत आले तेव्हा पिठ्ठू फुगलेला आणि मी त्याच्याखाली वाकलेली. धाकटी पायरीवर होती तिथंच होती. उन्ह तिच्या अंगावरून सरकून गेलेलं.

दुपारी म्हातारीच्या घरचं हळदीकुंकू. सोप्यात पाट मांडले, मला मानाचा पहिला. सून ताट घेऊन आली. धाकटी माझ्या शेजारी सतरंजीवर टेकणार, इतक्यात दाराआडून म्हातारी हळूच म्हणाली, "बाई, तुमी या माझ्यासंगं. आपुन दोघी आत बसू. च्या करते."

तेव्हा मी म्हातारीकडं नीट बघितलं. तिचंही कपाळ मोकळं होतं. आदल्या दिवसापासून मोकळं होतं, मी बघितलंच नव्हतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या फरशीवर ती दाराआड उभी होती, आणि मायेनं, अगदी मायेनं, धाकटीला आत बोलवत होती. धाकटी उठली.

एवढ्या लांब आलो. एस्टी बदलल्या, धूळ खाल्ली, कुत्रं ओळखत नाही अशा जागी आलो, आणि इथंही एक आतली खोली तिची वाट बघत होती.

माझा घसा फुटला. "बस खाली!" मी धाकटीवर ओरडले. मग सगळ्यांवर. "पाट संपलेत का घरात? तिच्या नवऱ्याला काय तिनं मारलं? आन् तुमी वो म्हातारबाई, तुमचं घर, तुमची सून, तुमीच दाराआड हुब्या? आन् वरनं दुसरीला आत वढताय?" पाटावरून उठताना माझा पाय ताटाला लागला. हळद एकीकडं, कुंकू एकीकडं, तीळ सगळ्या फरशीवर. सून रडायला लागली. म्हातारी दाराला धरून नुसती उभी राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज होती, आणि ती लाज मी तिला दिली होती. तरीही मी थांबले नाही. चार वाक्यं आणखी बोलले, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

धाकटी खाली बसली, पण पाटावर नाही. तिनं फरशीवरचे तीळ हातानं गोळा केले, ताटात भरले, सुनेच्या हातात दिले, आणि बाहेर गेली ती थेट तलावाकडं. मी मागून पळत. माझं पळणं म्हणजे बघण्यासारखंच.

काठाला ती उभी होती. पाण्यात पांढरे, लांब मानेचे पक्षी होते, बरेच होते, आणि आम्ही दोघींनी त्यांच्याकडं धड बघितलंही नाही.

"कशाला बोलला?" ती म्हणाली.

"मग काय ऐकून घिऊ? तुझ्यासाठी बोलले मी."

"माझ्यासाठी?" ती वळली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "आक्का, मला भांडायचं नव्हतं वो. मला नुसतं बसायचं हुतं. कुणाच्या घरात, सोप्यात, च्या पीत. तुमी भांडलासा आन् आता सगळ्या वस्तीला कळलं मी कोण हाय ते."

"ते आधीच कळलं हुतं. गळा बघत्यात."

"तुमचा बघत्यात!" ती म्हणाली. "तुमी शेजारी असला की आधी तुमच्या गळ्याकडं बघत्यात, मग माझ्याकडं. तुमाला लावत्यात, मग मला लावायचं का न्हाई ती पंचाईत पडती. मी एकटी असले की कुणाला पंचाईत न्हाई. यायचं ठरलं तवाच माझ्या ध्येनात याया पाहिजे हुतं."

मला गप्प करणारी माणसं फार नाहीत. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र त्या क्षणी मला त्या पिठ्ठूपेक्षा जड वाटलं, आणि तिच्यासाठी मी कुठंही गेले तरी ते माझ्याआधी पोचणार, हे कळून मला पुन्हा राग आला. या खेपेला कुणावर काढावा ते समजेना.

दुसऱ्या दिवशी निघताना म्हातारीनं धाकटीच्या सॅकेत भाकऱ्या बांधून घातल्या. मला "या पुन्यांदा" म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. फाट्यावर आलो. आमची विट्याची गाडी यायला वेळ होता, साताऱ्याची आधी आली. धाकटीनं हात केला.

"आगं, ही साताऱ्याची," मी म्हटलं.

"व्हय. कासच्या पठारावर जाते."

"आत्ता? फुलं कवाच संपली! वाळकं गवात असंल नुसतं. कोण जातंय तिथं या दिवसांत?"

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "म्हणून तर." आणि चढली. सॅक तशीच हलकी, पाठीला चिकटलेली. खिडकीतनं म्हणाली, "आक्का, पाकाला चांगला गूळ घ्या. आन् गोळी झाल्याबगर उतरवू नका."

मी एकटी घरी आले, पाठीवर साऱ्या वस्तीचे नारळ घेऊन. ह्यांनी विचारलं, "धाकटीला एकटं सोडलंस?"

"तुमाला फौजेत कोण सोडाया आलं हुतं?" मी म्हटलं. ते गोठ्याकडं गेले.

आमच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आधीच गेलेलं होतं. लाडू मी केले. गूळ चांगला घेतला, पण गोळी कधी होते ते बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती आत बसून बघायची, मी बाहेर बसून मिरवायची. बायका आल्या. मी दारातच सांगितलं, यंदा या घरात कुंकू नाही, पाट नाही, सतरंजी आहे, चहा आहे, बसणारीनं बसावं. काहीजणी उंबऱ्यावरूनच वळल्या, त्यात ठरावाच्या फोटोत टाळ्या वाजवणाऱ्या होत्या. बसल्या त्या बसल्या.

"धाकट्या कुठं हायत?" एकीनं विचारलं.

"कासला."

"कुणासंगं?"

मी फोन दाखवला. धाकटीनं फोटो पाठवला होता. पिवळं वाळकं गवत, मोकळं आभाळ आणि गवतात टेकवलेली लेकीची सॅक. ती स्वतः फोटोत नव्हती, फोटो काढायला दुसरं कुणी नव्हतंच. बायकांनी फोन हातोहात फिरवला. कुणीतरी बोट लावून फोटो मोठा केला आणि गवतात माणूस शोधत राहिली.

मी लाडवांचं ताट पुढं केलं. एकीनं दाताखाली धरला आणि तोंड वाकडं केलं. "आवं, दगड झाल्यात की! धाकट्यांच्या हातचे कसे, नुसते इरघळायचे."

"व्हय ना?" मी म्हटलं. "चावा आता."

आणि ताट पुन्हा पहिलीपासून फिरवलं.