सतरा नंबरचा जबाब

ती घटना आजही आठवते, असं मी पुष्कळ प्रकरणांविषयी सांगत आलो आहे. या प्रकरणाविषयी मात्र कधीच बोललो नाही. कागदावर ते निकाली निघालेलं आहे, आणि त्या कागदातला एक जबाब खोटा आहे. तो मी लिहिला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूर शहरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दिवाळीच्या तोंडावर एक माणूस खबर घेऊन आला. तो आमच्या हद्दीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता, नुकताच कामावरून कमी झालेला.

"साहेब, आमचा डॉक्टर गरीब लोकायले खडू खाऊ घालून राहिला," तो म्हणाला. "मन उदास राहते, झोप येत नाही, अशा पेशंटवर नव्या औषधाची परीक्षा चालू आहे म्हणते. बाटलीवर नाव नाही, नुसता नंबर. खरी गोळी बाहेर विकते अन् पेशंटले खडू!"

फसवणुकीचं मोठं प्रकरण हाती लागलं असं मला वाटलं. दोन पंच घेऊन त्याच दिवशी गेलो. कपाटात तपकिरी बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर फक्त आकडा.

"हे औषधं नाहीत साहेब, कैदी आहेत," आमचा हवालदार म्हणाला. "सगळ्यायले नंबर!"

आम्ही हसलो. बाटल्यांसोबत त्याच आकड्यांचे बंद लिफाफे आणि एक जाड वही मिळाली. पंचांना जेवायला जायची घाई होती. वही न वाचताच कापडात बांधली, गाठीवर लाख ओतून सील केलं आणि सगळा मुद्देमाल ठाण्याच्या मालखान्यात जमा केला.

संध्याकाळी डॉक्टरांना समोर बसवलं. सडपातळ, चष्म्याचे, पन्नाशीचे गृहस्थ.

"कोणत्या बाटलीत औषध आहे?"

"मला माहीत नाही."

"देता तुम्ही, अन् तुम्हालाच माहीत नाही?"

"कोणालाच नाही. अर्ध्या बाटल्यांत औषध आहे, अर्ध्यांत तशीच दिसणारी साधी गोळी. मला आधी कळलं, तर औषध घेणारा पेशंट मला बरा झालेलाच दिसू लागेल. म्हणून यादी लिफाफ्यांत बंद आहे. शेवटी उघडायची."

जो माणूस वारंवार 'माहीत नाही' म्हणतो त्याला सगळं माहीत असतं, हा माझा तोवरचा अनुभव. मी नोंद केली: उत्तरे उडवाउडवीची.

उठताना त्यांनी हात जोडले. "लिफाफे ठेवा, मलाही ठेवा. बाटल्या तेवढ्या द्या. परवा गुरुवार, पेशंट आठवड्याचं औषध न्यायला येतील. एकदम बंद झालं तर एखाद्याचा तोल जाईल. कोणाचा, ते मी आज सांगू शकत नाही."

"कोर्टाच्या हुकमाशिवाय सील तुटत नाही," मी म्हणालो आणि त्यांना कोठडीत पाठवलं.

नियम बरोबर होता. पण दिवाळीच्या सुटीआधी कोर्ट अजून दोन दिवस उघडं होतं. मी अर्ज करू शकत होतो. केला नाही. त्या संध्याकाळपासून मनाला जी टोचणी लागली, तिला मी कामाचा ताण समजत राहिलो.

गुरुवारी दवाखान्यातून परतलेले पेशंट ठाण्यात आले. त्यांत हद्दीतल्याच विणकर वस्तीतलं एक जोडपं होतं. बाई तिशीची, केस नीट विंचरलेले. हातात रिकामी बाटली, तिच्यावर सतरा आकडा.

"काहून अडवून राहिले साहेब?" नवरा म्हणाला. "वर्षभर हिनं पोरीले जवळ घेतलं नव्हतं. आता घरात बोलते, माह्यावर ओरडते बी. ओरडू द्या, पण गोळी द्या."

"गोळी नाही ती," मी म्हणालो. "खडू आहे. डॉक्टरनं फसवलं तुम्हाला."

बाईनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "खडू असन, तं मंग मी बरी कशी झाली साहेब?"

मी हवालदाराकडे पाहिलं.

"जा गा, घेऊन जा बाईले," तो नवऱ्याला म्हणाला.

ते येऊन गेल्याची नोंद ठाण्याच्या डायरीत नाही. मी करू दिली नाही.

दिवाळी आली. मी रोज कामावर आल्याबरोबर विचारायचो, विणकर वस्तीतून काही? हवालदार नाही म्हणायचा. मी पुन्हा दुपारी विचारायचो. कोर्ट उघडायच्या आदल्या दिवशी मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. बाई वस्तीमागच्या विहिरीत सापडली होती. शेजाऱ्यांनी वर काढली, जीव होता.

आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता. मी सरकारी इस्पितळात गेलो, खाटेजवळ स्टूल ओढून तिचा जबाब घेतला. ती हळू पण स्पष्ट बोलली. मी लिहिलं: 'घरगुती कारणावरून रागाच्या भरात.' तिला वाचता येत नव्हतं. तिचा अंगठा धरून मीच शाईवर टेकवला.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर मुद्देमालाची सीलं उघडली. वहीच्या पहिल्याच पानावर साध्या मराठीत सगळं लिहिलेलं होतं: अर्ध्या गोळ्या साध्या आहेत, कोणाला कोणती ते कळणार नाही, पटत असेल तरच यावे. खाली प्रत्येकाची सही किंवा अंगठा. कंपाउंडरला दवाखान्यातली औषधं बाहेर विकताना पकडून कामावरून काढल्याची नोंदही त्याच वहीत होती. विचारल्यावर त्यानं कबूल केलं. तपासाचा धागा पंधरा दिवस माझ्याच सीलखाली बांधलेला होता.

सतरा नंबरच्या पानावर डॉक्टरांनी आठवड्या-आठवड्याला लिहिलं होतं. 'आज वेणी घालून आली.' 'नवऱ्याशी भांडली. चांगले लक्षण.' लिफाफा उघडला. सतरा नंबरच्या बाटलीत औषधच होतं.

डॉक्टर सुटले, पण ते संशोधन पुढे झालं नाही. काही महिन्यांत त्यांनी शहर सोडलं. बाईवर खटला चालला. ताकीद देऊन सोडलं. तिच्या नवऱ्यानं मात्र तिला पुन्हा कुठल्याही दवाखान्यात नेलं नाही. दवाखाना म्हटलं की पोलीस येतात, हे त्याला माझ्याकडून कळलं होतं. पुढे ती कशी राहिली, ते विचारायला मी गेलो नाही.

आपली खात्री आपल्यालाच फसवू नये म्हणून त्या माणसानं यादी लिफाफ्यात बंद केली होती. मी नोकरीभर माझ्या खात्रीवर लोकांना आत टाकलं आणि त्यालाच अनुभव म्हणत राहिलो. निवृत्त होताना मला जे मानपत्र मिळालं, त्यात याच अनुभवाचं कौतुक आहे.

तिचा जबाब तिनं दिला तसा आज लिहितो. तेव्हा मी त्यातून स्वतःला वगळलं होतं.

"माह्या नवऱ्याचा काही दोष नाही. तो भला आहे. मले बरं वाटत होतं. मंग ठाण्यातल्या साहेबानं सांगितलं का तो खडू होता. मले वाटलं, बरं वाटलं ते बी खोटंच असन."